दहा पावलं मागे

"मेथी निवडून देणार असाल तर घेते. नाहीतर राहू दे," ती म्हणाली.

मी म्हणालो, "घे."

दतिया गेटच्या बाजारात, दिवे लागायच्या जरा आधी, हातगाडीपाशी उभं राहून आमचं एवढंच बोलणं झालं. कार्तिक लागला होता. दोन जुड्या मेथी घेतली, थोडे आवळे घेतले. पिशवी माझ्या हातात आली तसा मी चालायला लागलो. "चला तुम्ही, मी आहे मागे," असं ती म्हणाली. म्हणाली असणार. रोज म्हणायची.

आमचं चालणं असंच होतं. मी पुढे आणि ती दहा पावलं मागे. खंडेराव गेटच्या आतल्या आमच्या गल्लीतून बाजारापर्यंत, आणि बाजारातून परत. मधे एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो, बाकी सगळ्या गल्ल्या. तुमच्याकडेही अशी जोडपी असतील, बघा. म्हातारा पिशवी घेऊन पुढे निघालेला असतो, म्हातारी मागून पदर सावरत येत असते, आणि अनोळखी माणसाला वाटतं की ही दोघं दोन वेगळ्या घरची आहेत.

हे मला कोणी शिकवलं नाही. भुसावळकडच्या आमच्या गावात माझा बाप पुढे चालायचा, आई मागे. मी रेल्वेत लागलो, इथे झाशीला वॅगनच्या कारखान्यात आलो, लग्न झालं आणि मी पुढे चालायला लागलो. गंमत अशी, की झाशी माझी नव्हतीच. ती इथली. तिचे आजे-पणजे इथले, चार पिढ्यांचं मराठी घर. मला इथली एक गल्ली धड माहीत नव्हती. तरी लग्नानंतर पहिल्या महिन्यात तिला घेऊन निघालो तो मीच पुढे. कोपरा आला की माझी पावलं अडखळायची. मग मागून आवाज यायचा, "डावीकडे." पुढच्या कोपऱ्यावर, "आता उजवीकडे." असं करत मी तिला तिच्याच माहेरी घेऊन गेलो. सासऱ्यांनी विचारलं, "घर बरोबर सापडलं?" मी म्हणालो, "सापडलं की." ती पदराआड हसली. तेव्हा मला राग आला होता.

नावाने मी तिला कधी हाक मारली नाही. "अगं" म्हणायचो. कारखान्यात कोणी विचारलं तर "घरातली". इथेही नाव लिहीत नाही. आता लिहायला घेतलं तर हात अडतो.

ती सातवी शिकलेली आणि मी चौथी. हा तीन इयत्तांचा फरक तिने मला कधी बोलून दाखवला नाही, पण बँकेचा कागद आला की तो आधी ती वाचायची आणि मग माझ्याकडे द्यायची. सही कुठे करायची तिथे बोट ठेवायची. मी सगळं वाचल्यासारखं करायचो आणि सही करायचो.

आम्हाला एकच लेक. ती भोपाळला असते. तिची मुलगी, आमची नात, कॉलेजात आहे. नातीला मराठी कळतं, बोलायची वेळ आली की हिंदी येतं, आणि जरा घाई असली की इंग्रजी. आजीला हे सलायचं. एका दिवाळीत तिने नातीशी करार केला. "तू माझं एक मराठी घे, मी तुझं एक इंग्रजी घेते. दर रविवारी." नातीने कबूल केलं. फोनवर हिच्याकडून ती फडताळ शिकली, सांजवात शिकली, पोलकं शिकली. आणि ही तिच्याकडून इंग्रजी बोल घ्यायची. एक जुनी वही होती, त्यात लिहून ठेवायची. इंग्रजी बोल आपल्या अक्षरात, समोर अर्थ, आणि खाली तो कुठे वापरायचा ते.

त्यातला एक बोल आमच्या घरात फार दिवस राहिला. जॉइन्ड ॲट द हिप.

झालं काय, की नात सुट्टीत आली होती. मला पेन्शनच्या कागदासाठी जायचं होतं. मी चपला घातल्या तशी हीही पदर सारखा करून निघाली. नात म्हणाली, "आजी, आप क्यों जा रही हो? आजोबांचं काम आहे ना?" ही म्हणाली, "असू दे, जाते." नात हसायला लागली. म्हणाली, "आप दोनों तो जॉइन्ड ॲट द हिप हो."

परत आल्यावर हिने वही काढली. "हं, सांग आता. काय म्हणालीस मघाशी?"

नातीने सांगितलं. दोन माणसं कायम बरोबर असतात, एकाशिवाय दुसरं कुठे दिसतच नाही, त्यांना असं म्हणतात. थोडं चेष्टेत म्हणतात, पण वाईट नाही त्यात. "मतलब, आजी, दोघांतला एक जण एकटा दिसला की लोक लगेच विचारतात, दुसरा कुठे आहे?"

"आणि हिप म्हणजे?"

"खुबा," मी म्हणालो. मला हा शब्द माहीत होता, कारण कारखान्यातल्या एकाचा तो मोडला होता आणि डॉक्टर सारखं हिप, हिप म्हणत होते.

हिने लिहिलं, "कंबरेशी जोडलेले." मी म्हणालो, "कंबर नाही ती, त्याच्या खाली." ती म्हणाली, "असू दे. खुबा लिहिलं की दवाखान्यात गेल्यासारखं वाटतं. त्याच्याही खालचं लिहायचं म्हणाल तर वही तुमच्याकडे देते." नात लोळून हसली.

मग हा बोल वापरायची तिला खोडच लागली. आमच्या समोर दोन जावा राहतात, दोघी विधवा. सकाळी नळावर एकमेकींचा उद्धार करतात आणि संध्याकाळी एकीशिवाय दुसरी देवळात जात नाही. हिने रविवारी फोनवर विचारलं, "भांडणाऱ्यांना चालतं का गं ते?" नात म्हणाली, चालतं, भांडण असलं तरी चालतं. हिने वहीत तसं लिहिलं. गल्लीच्या तोंडाशी दोन भावांची चहाची टपरी आहे. एक जण चहा ओततो, दुसरा कप धरतो, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यांना वेगळं कोणी पाहिलेलं नाही. तेही वहीत गेले. एकदा म्हणाली, "आपला दूधवाला आणि पाणी. जॉइन्ड ॲट द हिप." नात म्हणाली, "आजी, वो इंसानों के लिए है." ही म्हणाली, "मग? दूधवाला इंसान नाही का?"

आणि एक दिवस मेथीच निवडत होती बहुतेक, किंवा तांदूळ असतील, मान खाली घालून म्हणाली, "मधे दहा पावलं असली तर चालत असेल का हो ते?"

मी म्हणालो, "काय?"

ती माझ्या डाव्या कानाशी आली आणि परत म्हणाली. उजवा कान माझा केव्हाच गेला होता. कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं रिवेट ठोकले, पत्र्यावर घण घातले. डाव्याने थोडं येतं.

मी म्हणालो, "ते इंग्रजांचं आहे. आपलं नाही."

मला वाटलं, फार तोडून बोललो. म्हणून मला जे येतं त्यातलं सांगितलं. "हे बघ. डबा डब्याला जोडलेला असतो, पण चिकटवलेला नसतो. मधे कपलिंग असतं, बफर असतात, हातभर मोकळी जागा असते. ती जागा ठेवली नाही तर वळणावर गाडी रुळावरून उतरेल."

"म्हणजे आपली जागा दहा पावलांची?"

"हो."

"मग वळणं फारच मोठी होती म्हणायची तुमची," ती म्हणाली आणि सूप घेऊन उठली.

गेल्या पावसाळ्यानंतर एकदा तिने सरळ विचारलं. "आज शेजारी शेजारी चालू या का? एकदाच." मी म्हणालो, "या वयात? लोक काय म्हणतील?" चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला लोक काय म्हणणार आहेत, हे मला तेव्हा सुचलं नाही. तरी ती हट्टाने शेजारी आली. चार घरं गेलो असू. गल्लीत समोरून गाय आली, मी पुढे सरकलो, ती मागे थांबली. गाय गेली. मग मी पुढेच राहिलो. पाय सवयीने चालतात. ती पुन्हा म्हणाली नाही.

मला वाटलं होतं की नातीच्या त्या बोलाने तिच्या डोक्यात काहीतरी भरवलंय. आता वाटतं, तिला दम लागत असेल. माझ्याबरोबर चाललं म्हणजे मी हळू चालेन, एवढाच हिशेब असेल तिचा. तसं म्हणाली असती तर मी थांबलो असतो. पण मी आता काहीही म्हणू शकतो.

घरी दोघांचं बोलणं फार नव्हतं, हे खरं सांगतो. ती सांजवात लावायची, मी बातम्या बघायचो, आवाज मोठा करून. ती कधी म्हणाली नाही की आवाज कमी करा. मला जेवायला वाढून समोर बसायची आणि मी पोळी मोडेपर्यंत स्वतःची मोडायची नाही. मीठ कमी आहे म्हणालो तर "असू दे, पुढचा घास घ्या" म्हणायची, आणि खरोखरच पुढच्या घासाला ते बरोबर लागायचं. लेकीने मला कानाचं यंत्र आणून दिलं होतं. मी ते दोन दिवस लावलं. आपल्याच चपलेचा आवाज भुतासारखा मागे लागतो. काढून ठेवलं. लेक चिडली. ही म्हणाली, "असू दे. मी आहे ना." मी समजलो की घरात कोणी आलं, फोन वाजला, तर सांगायला ती आहे.

आता कोणी आलं तर कळत नाही. दार उघडं ठेवून बसतो. बाजारात जातो. पिशवी घेऊन हातगाडीपाशी उभा राहतो. ज्याला माहीत नाही तो विचारतो, "बाबूजी, आज अम्मा कहाँ रह गईं?" नातीने सांगितलेला अर्थ हाच होता. एकटा दिसला की लोक विचारतात. पहिल्या पहिल्यांदा मी सांगायचो. मग समोरचा भाजीत एखादं लिंबू जास्त टाकतो. मला ते लिंबू नको असतं. आता म्हणतो, "घर पे हैं."

नात रविवारी फोन करते अजून. "आजोबा, खाना खाया?" मी म्हणतो, खाल्लं. एकदा मीच म्हणालो, "आज काही बोल देणार नाहीस?" तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं, माझ्याच कानामुळे. मग लेकीने फोन घेतला आणि म्हणाली, "बाबा, ती रडतेय." तेव्हापासून विचारत नाही. वही मी उघडून बघितली आहे. वाचता येतं मला तेवढं. त्या बोलाच्या पानावर शेवटी लिहिलंय, "दहा पावलं असली तरी चालतं. (विचारलं.)" म्हणजे माझ्याशी बोलून झाल्यावर तिने नातीला विचारलं होतं. मला सांगितलं नाही.

तर त्या संध्याकाळचं.

मी पुढे होतो. मोठा रस्ता ओलांडला, गल्लीत शिरलो, टपरीपाशी थोरल्या भावाने हात केला, मीही केला. घराचं कुलूप काढलं. पिशवी ठेवली. ती आलेली नव्हती. म्हटलं, बोलत उभी राहिली असेल कोणाशी. बोलायची फार सवय तिला. सगळ्यांशी बोलायची, भाजीवाल्यांशी, रिक्षावाल्यांशी. मी कबूल केलं होतं म्हणून वर्तमानपत्र पसरलं आणि मेथी निवडायला बसलो. एक जुडी झाली. तरी नाही. मला राग यायला लागला. दुसऱ्या जुडीची दोरी सोडली. मनात म्हटलं, आली की सांगतो, स्वयंपाक कधी करणार आहेस. हे मी लपवून ठेवत नाही. ती तिकडे जात होती आणि मी इकडे मेथीच्या काड्यांवर राग काढत होतो.

दारात टपरीवाल्यांतला धाकटा उभा होता. एकटाच. कधीचा हाका मारत असेल कोण जाणे. मी मान वर केली तेव्हा दिसला. तो एकटा दिसला, तसा मी हातातली मेथी टाकून त्याच्याबरोबर निघालो.

मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, बाजाराच्या बाजूला, सिंघाडे, म्हणजे आपले शिंगाडे, विकणारी एक बाई बसते. उकडलेल्या सिंघाड्यांचं टोपलं घेऊन, बंद दुकानाच्या पायरीपाशी. त्या पायरीवर ती बसलेली होती, भिंतीला टेकून. चार माणसं जमली होती. कोणीतरी पाणी दिलं होतं, ते पोलक्यावर सांडलं होतं. डोळे अर्धे उघडे. हात गरम होता. मी "अगं" म्हणालो. तिने बघितलं की नाही, सांगता येत नाही.

रिक्षा आली. मला आणि तिला मागे बसवलं, धाकटा पुढे बसला. ती माझ्या अंगावर कलली होती, डोकं खांद्यावर, सगळं वजन माझ्यावर. रिक्षा खड्ड्यात गेली की आम्ही दोघं एकदमच हलत होतो. एवढी चिकटून ती माझ्या शेजारी चारचौघांत कधी बसली नव्हती. मी दोन्ही हातांनी धरलं होतं. दवाखान्याच्या फाटकाशी पोचायच्या आधीच माझ्या हातांना कळलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, "माहीत आहे."

लेक आणि नात भोपाळहून गाडीने निघाल्या. घरात शेजारणी आल्या, त्या दोन जावाही आल्या, आणि त्यांनी जे करायचं ते केलं. कोण काय बोललं ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. तिने हाक मारली असेल का? चालता चालता तिला कळ आली असेल, ती थांबली असेल, "अहो" म्हणाली असेल. एकदा नाही, दोनदा, तीनदा. आणि मी दहा पावलं पुढे, मग वीस, मग पन्नास. बहिऱ्यासारखा. बहिराच की मी. गेली कित्येक वर्षं मी म्हणत होतो, ती मागून येतेय हे मला तिच्या बांगड्यांवरून कळतं. खोटं होतं ते. बांगड्या ऐकू येणं बंद होऊन फार दिवस झाले होते. मी नुसतं धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या लेक पोचली. माणसं जमायला लागली. सिंघाडेवालीही आली. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेर बसली, पदराने तोंड झाकून. मी उठून तिच्यासमोर जाऊन बसलो. डावा कान तिच्याकडे केला.

म्हटलं, "सच बताना. उन्होंने मुझे आवाज दी थी?"

ती म्हणाली, "नईं, बाबूजी."

"सच?"

"बाई बैठ गईं हतीं, छाती पे हाथ धर के. हमने कही, आवाज लगाएँ बाबूजी खों? बे बोलीं, रहन दो. बे बीच सड़क पे हैं. पहलें सड़क पार हो जान दो."

मी रस्त्याच्या मधे होतो. मला हाक ऐकू आली असती, किंवा लोकांची गडबड बघून मी वळलो असतो, तर गाड्यांच्या मधेच थांबलो असतो. म्हणून तिने कोणाला हाक मारू दिली नाही. आधी त्यांचा रस्ता ओलांडून होऊ दे, म्हणाली.

सिंघाडेवाली आणखी बोलत होती. तिला वाटलं असावं की मला हे सगळं माहीतच आहे. "रोज को तो काम हतो बाई को. तुमाए पीछें हाथ उठाए चलत हतीं. फटफटी आवे, टेम्पो आवे, सबखों हाथ दिखा के बगल से निकारत हतीं. कहत हतीं, हमाए आदमी खों भोंपू नईं सुनात. कल हाथ नईं उठो, सो बैठ गईं."

मी तिला परत सांगायला लावलं. तिने परत सांगितलं. हात वर करून दाखवलाही. माझ्या पाठीमागे ती रोज असा हात वर करून चालायची. मोटारसायकल आली, टेम्पो आला, तर त्यांना बाजूने जा म्हणून खुणावायची, कारण मला भोंगा ऐकू येत नव्हता. काल तो हात उठला नाही, म्हणून बसली. बाजारातल्या सगळ्यांना माहीत होतं. टपरीवाल्या भावांना माहीत होतं. मी विचारलं तेव्हा थोरला मान खाली घालून म्हणाला, "हमें लगा आपको पता है." कित्येक वर्षं अख्खा रस्ता तिला बघत होता. मी तेवढा बघत नव्हतो, कारण मी पुढे होतो.

लेक माझ्याजवळ आली, म्हणाली, "बाबा, गुरुजी बोलावताहेत."

गुरुजी म्हणजे इथल्या मराठी घरांची कार्यं करणारे, माझ्याहून लहान, पण तिच्या माहेरचे जुने. त्यांनी सगळी तयारी केली होती. मडक्यात निखारे घातले, मडकं शिंकाळ्यात ठेवलं आणि माझ्या हातात दिलं. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "आता तुम्ही पुढे व्हा. घाटापर्यंत सगळ्यांच्या पुढे चालायचं. मागे वळून बघायचं नाही."

मी उभा राहिलो. मग ते मडकं लेकीच्या हातात दिलं.

गुरुजी म्हणाले, "अहो, तुम्ही असताना?"

"ती धरेल."

"लेकीने धरायला माझी ना नाही, हल्ली चालतं. पण तुम्ही कुठे चाललात?"

"मी मागे राहतो."

"मागे? अहो, तुमचा मान पुढे असतो. तुम्ही यजमान आहात."

"पन्नास वर्षं चाललो पुढे," मी म्हणालो. "आता नाही चालत."

गुरुजींनी लेकीकडे बघितलं. तिने शिंकाळ्याची दोरी नीट धरली आणि दारातून बाहेर पडली. त्यांनी मग वाद घातला नाही.

टपरीवाल्या भावांनी पुढचे दोन खांदे दिले. सगळे माझ्यासमोरून निघाले, पुरुष, मागून काही बायका, नात. नात माझ्यासाठी थांबत होती, मी तिला हाताने पुढे जा म्हणून खुणावलं. शेवटचा माणूस दारापुढून गेला, मग मी निघालो. गल्लीत कोणी नव्हतं. गल्ली संपली आणि मोठ्या रस्त्याला लागून चालायला लागलो तशी मागून वर्दळ सुरू झाली. मला ऐकू येत नाही, म्हणून चार पावलं टाकली की मागे वळून बघत होतो. दुधाच्या बरण्या लावलेली मोटारसायकल आली, मी हात वर केला, तो बाजूने गेला. ई-रिक्षा आली. तिचा चालक काहीतरी म्हणाला. तोंड हललेलं दिसलं. मी हात खाली घेतला नाही. त्याने पुढे बघितलं आणि रिक्षा थांबवली.

रस्ता ओलांडायचा होता तिथे मी मधे जाऊन उभा राहिलो. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. आधी लेक गेली, मग ती चार खांद्यांवरून गेली, मग बाकीचे. सगळे पलीकडे पोचल्यावर मी रस्ता ओलांडला.